राणीच्या हातचे नाणे : डॉ. सॅम्युएल जॉन्सन

डिचोली तालुक्यात, नदीच्या काठी नार्वे नावाचे गाव आहे. सप्तकोटेश्वराच्या देवळामुळे ते सर्वांना ठाऊक आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. समोर दिवाडी बेट, आणि मध्ये फेरीबोट. खाणींचे काम जोरात होते त्या काळी घाटावरून आलेले आपल्या मंडळीतले एक कुटुंब तेथे राहते. कामानिमित्त मी काही वर्षे डिचोलीस होतो तेव्हा रविवारी दुपारी त्यांच्याकडे जात असे. चार-पाच मुले जमत, गीते होत, शास्त्रपाठ होई. तीच आमची शब्बाथ शाळा.

त्या घरातील अकरा वर्षांच्या मुलीच्या जबड्याखाली, उजव्या बाजूला, सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. आईने ती ओढणीखाली झाकली. पुढे तिच्याखाली दुसरी आली, मग तिसरी. मुलीच्या गळ्यात काळा दोरा आणि ताईत दिसू लागला. तो कोणी बांधला हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. मला प्रार्थना करण्यास सांगण्यात आले. मी मुलीच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. असे जवळजवळ तीन महिने चालले. या तीन महिन्यांत डॉक्टरकडे चला असा एक शब्दही माझ्या तोंडून निघाला नाही, हे मला येथे कबूल केले पाहिजे. शेवटी तिच्या शाळेतील एका बाईंच्या लक्षात आले व त्यांनी तिला सरकारी दवाखान्यात पाठविले. सुईने गाठीतला थोडा अंश काढून तपासला. निदान झाले ते गंडमाळेचे, म्हणजे मानेतल्या गाठींच्या क्षयाचे.

तपासणीच्या दिवसांत बाकावर ताटकळत बसावे लागे. अशा वेळी मुलीला सांगावे काय? मला एका माणसाची आठवण झाली. त्यालाही लहानपणी हाच रोग झाला होता आणि त्याच्याही गळ्यात काही बांधलेले होते. त्याची गोष्ट मी तिला तीन-चार रविवारी मिळून सांगितली. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना ती उपयोगी पडेल म्हणून येथे थोडी विस्ताराने देतो.

सॅम्युएल जॉन्सन याचा जन्म १८ सप्टेंबर १७०९ रोजी इंग्लंडातील लिचफील्ड या गावी झाला. बाप मायकेल हा पुस्तके विकणारा. आई सारा चाळिशीची होती आणि हे तिचे पहिलेच मूल. बाळंतपण अवघड गेले. मूल जन्मले ते रडेना, म्हणून ते जगते की नाही या भीतीने त्याच दिवशी त्याचा बाप्तिस्मा उरकण्यात आला. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला अंगावर पाजण्यासाठी गावातल्याच एका गवंड्याच्या बायकोकडे ठेवले. आईला करमेना. ती रोज बाळाला पाहायला जाई. पण शेजारपाजारचे लोक हसतील म्हणून रोज वेगळ्या वाटेने जाई, आणि पुन्हा जाण्यास निमित्त असावे म्हणून कधी पंखा तर कधी हातमोजा तेथे मुद्दाम विसरून येई. एवढी काळजी घेऊनही दहा आठवड्यांनी बाळ घरी आणले तेव्हा ते रोगट झाले होते. डोळे सुजून जवळजवळ मिटले होते, आणि पुढे मानेवर गाठी उठल्या. त्या दाईच्या स्वतःच्या मुलालाही तेच दुखणे होते, मात्र सौम्य. जॉन्सनचे धर्मबाप डॉ. स्विनफेन हे वैद्य होते. दाईच्या दुधातूनच हा दोष आला असे त्यांचे मत पडले. आई म्हणे की हे दुखणे माझ्या माहेरच्या रक्तातून आले. ज्या घरात मूल आजारी पडते त्या घरातली आई स्वतःलाच दोष देते. नार्व्यासही मी हेच पाहिले.

हा रोग काय आहे ते आधी सांगतो. क्षय म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर छाती आणि खोकला येतो. परंतु क्षयाचे जंतू शरीराच्या बहुतेक कोणत्याही भागात ठाण मांडतात. फुप्फुसाबाहेरच्या क्षयात मानेतल्या गाठींचा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. त्याशिवाय स्वरयंत्रात होतो आणि आवाज बसतो; कानात होतो आणि कान वाहू लागतो, ऐकू येणे कमी होते; डोळ्यांनाही तो सोडीत नाही. मानेतल्या गाठी एकामागून एक माळेसारख्या येतात म्हणून आपल्याकडे त्याला गंडमाळा किंवा कंठमाळ हे नाव पडले. गाठ पुष्कळ दिवस दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. मग ती मऊ होते, कातडी लाल पडते, फुटते आणि पू वाहू लागतो; भरली तरी वेडावाकडा वण राहतो. पूर्वी न तापविलेल्या दुधातूनही हा रोग मुलांना फार होई, कारण गाईंनाही क्षय होतो आणि तो दुधात उतरतो. आपल्या बायका दूध उकळल्याशिवाय चुलीवरून उतरवीत नाहीत. या सवयीने आपल्याकडची किती मुले वाचली असतील कोण जाणे!

आपल्या जुन्या वैद्यकात क्षयाला राजयक्ष्मा म्हणत. तो चंद्र राजाला झाला अशी कथा आहे, म्हणून ते नाव. इंग्लंडात मानेच्या क्षयालाही राजाचेच नाव होते, पण कारण निराळे. तेथे समजूत अशी होती की अभिषिक्त राजाने किंवा राणीने हात लावला असता गंडमाळा बरी होते. अकराव्या शतकातल्या एडवर्ड राजापासून ही देणगी चालत आली आहे असे मानीत. दुसऱ्या चार्ल्स राजाने आपल्या कारकिर्दीत नव्वद हजारांहून अधिक रोग्यांना स्पर्श केला. त्यासाठी प्रार्थनापुस्तकात वेगळी उपासना छापलेली असे. मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय वाचीत; रोग्यांवर हात ठेवण्याविषयी प्रभूने शिष्यांना जे सांगितले ते वाक्य आले की राजा रोग्याच्या मानेला हात लावी. नंतर भोक पाडलेले सोन्याचे एक लहान नाणे पांढऱ्या फितीत ओवून त्याच्या गळ्यात घालीत. नाण्याच्या एका बाजूस मायकेल देवदूत अजगराला मारीत आहे आणि दुसऱ्या बाजूस जहाज. हे नाणे उतरवू नये, उतरविल्यास रोग परत येतो अशी लोकांची समजूत होती.

वाचकांना याचे हसू येईल. पण हे करणारे लोक अडाणी नव्हते. लिचफील्ड येथील सर जॉन फ्लॉयर हे चांगले नावाजलेले वैद्य, त्यांनीच साराला सल्ला दिला की मुलाला लंडनला राणीकडे न्या. असा विश्वास इतकी शतके टिकला याचे एक कारण या रोगातच आहे. गंडमाळा काही वेळा आपोआप दबते, महिनोन्‌महिने शांत राहते आणि मग पुन्हा डोके वर काढते. दबलेल्या काळात जो कोणी हात लावील, अंगारा लावील वा ताईत बांधील, त्याला यश मिळते. उलटली की दोष रोग्याचा. मी स्वतः तीन महिने प्रार्थना केली तेव्हा मध्ये एक पंधरवडा गाठ लहान झाल्यासारखी वाटली होती, आणि मी मंडळीत तशी साक्षही दिली होती.

१७१२ सालचा मार्च महिना. सॅम अडीच वर्षांचा. आई पुन्हा गरोदर होती. तशा स्थितीत ती मुलाला घेऊन घोडागाडीने लंडनला निघाली. वाटेत चोर लुटतील म्हणून तिने दोन गिनी आपल्या परकरात शिवून घेतल्या होत्या. एका ओळखीच्या पुस्तकविक्याकडे ती उतरली. ३० मार्च रोजी ॲन राणीने सुमारे दोनशे रोग्यांना स्पर्श केला, त्यांत हे मूल होते. मोठेपणी जॉन्सनला त्या प्रसंगाची अंधुक आठवण राहिली होती: हिरे घातलेली एक बाई, आणि डोक्यावर लांब काळे वस्त्र. लंडनमध्ये आईने मुलाला चांदीचा एक लहान पेला आणि चमचा घेतला. त्यावर नावाची नुसती आद्याक्षरे घालता आली असती, पण आईची आणि मुलाची आद्याक्षरे एकच. उद्या आपण मेलो तर आपली वस्तू समजून कोणी मुलाकडून काढून घेईल, म्हणून तिने सॅम असे नाव त्यावर घालविले. परत येताना ती मालगाडीने आली. मुलाचा खोकला फार आहे असे तिने सांगितले. थोडे शिलिंग वाचावेत हाही हेतू होताच, असे तिच्या मुलाने पुढे लिहून ठेवले आहे.

गोष्टीत येथे पोचलो तेव्हा त्या मुलीने विचारले की राणीला तो रोग लागला नाही का? शंका बरोबर होती. तिच्या वर्गातल्या मुलींनी तिच्याजवळ बसणे सोडले होते. मानेतल्या गाठीचा क्षय हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा जवळ बसल्याने लागत नाही. फुप्फुसाचा किंवा स्वरयंत्राचा क्षय असेल तर मात्र खोकल्यातून जंतू पसरतात, म्हणूनच डॉक्टर गाठीच्या रोग्याचीही छाती तपासतात. हे मी डॉक्टरांकडूनच समजून घेतले होते. ते मी तिच्या शाळेतल्या बाईंनाही जाऊन सांगितले.

राणीच्या स्पर्शाने सॅम बरा झाला नाही. पुढे त्याच्या मानेवर शस्त्रक्रिया करावी लागली. भूल देण्याचे औषध निघण्यास अजून सव्वाशे वर्षे अवकाश होता! दंडावर एक जखम करून दोष वाहून जावा म्हणून ती सहा वर्षांचा होईपर्यंत उघडी ठेवली. रोग थांबला; पण मानेवर व गालावर कायमचे वण राहिले, डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसेनासे झाले आणि एका कानाने कमी ऐकू येऊ लागले. यांखेरीज त्याला अंगाला व चेहऱ्याला आपोआप झटके देण्याची खोड होती. तिचा क्षयाशी संबंध नसावा असे आजचे डॉक्टर म्हणतात. पाहणाऱ्याला मात्र सारे एकत्रच दिसे.

बालपणीची एक हकीकत मुलांना फार आवडते. बालवर्गातून घरी न्यायला एके दिवशी कोणी आले नाही, तेव्हा हा एकटाच निघाला. वाटेत गटार होते. ते नीट दिसावे म्हणून तो हातापायांवर वाकून पाहू लागला. शिकविणाऱ्या बाई काळजीने मागून येत होत्या. वळून पाहतो तो त्या दिसल्या. आपल्याला आंधळा समजून मागे येतात याचा त्याला असा राग आला की त्याने त्यांना आपल्या चिमुकल्या मुठींनी बडविले. पुढे मोठ्या शाळेत त्याची हुशारी इतकी होती की सोबतीचे तीन मुलगे रोज सकाळी त्याला घरून पाठीवर बसवून नेत. मोबदल्यात अभ्यासात मदत मिळे.

१७२८ साली तो ऑक्सफर्डला गेला. तेथे विल्यम लॉ यांचे भक्तिपर पुस्तक सहज हाती घेतले, थट्टा करावी म्हणून. आणि तेव्हापासून धर्माचा गंभीर विचार त्याला कधी सुटला नाही. पैसे संपले. बुटांतून बोटे दिसू लागली. कोणीतरी दयेने दारात नवे बूट ठेवले, ते त्याने रागाने फेकून दिले. तेरा महिन्यांत पदवी न घेताच घरी परत यावे लागले. १७३१ मध्ये बाप वारला. मास्तरकी मिळवावी तर चेहरा आड येई. सॉलिहल येथील शाळेच्या विश्वस्तांनी विद्वत्ता मान्य करूनही, चेहरा वेडावाकडा करण्याची याला सवय आहे, मुलांवर परिणाम होईल, म्हणून जागा दिली नाही.

याच दिवसांत त्याने आपले पहिले पुस्तक केले, आणि त्याचा गोव्याशी संबंध आहे. जेरोनिमो लोबो नावाच्या पोर्तुगीज जेझुइट पाद्र्याने अबिसीनियाच्या प्रवासाचे वर्णन लिहिले होते. हा लोबो सतराव्या शतकात गोव्यात येऊन राहिला होता आणि तेथूनच आफ्रिकेला गेला. फ्रेंच भाषेतून त्याचे इंग्रजी रूपांतर जॉन्सनने केले. उदासीनतेने बिछान्यात पडल्या पडल्या तो सांगत असे आणि त्याचा मित्र हेक्टर उतरून घेत असे. १७३५ साली ते निघाले. मोबदला पाच गिनी.

त्याच वर्षी त्याचे लग्न झाले. वधू एलिझाबेथ पोर्टर ही विधवा, त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी. तो तिच्या घरी प्रथम आला तेव्हा हाडांचा सापळा दिसत होता आणि गंडमाळेचे वण चेहऱ्यावर ठळक होते, असे तिच्या मुलीने नंतर सांगितले आहे. पण त्याचे बोलणे ऐकून, इतका शहाणा माणूस आपण आयुष्यात पाहिला नाही असे एलिझाबेथ मुलीला म्हणाली. लोकांनी या लग्नाची पुष्कळ टवाळी केली. त्याने मात्र तिच्या मरणानंतरही बत्तीस वर्षे तिच्यासाठी शोक केला.

१७३७ साली तो नशीब काढण्यासाठी लंडनला गेला. मासिकात मिळेल ते लिहावे, कर्ज काढावे, कधी रात्रभर मित्राबरोबर रस्त्यांवर हिंडावे असे दिवस होते. आईने लंडनहून आणलेला तो चांदीचा पेला याच काळात बायकोला विकावा लागला. अगदी शेवटी विकलेल्या वस्तूंपैकी तो एक होता. चमचा तेवढा राहिला. गळ्यातले सोन्याचे नाणे मात्र त्याने विकले नाही.

१७४६ साली पुस्तकविक्यांनी त्याच्याशी इंग्रजी भाषेचा शब्दकोश करण्याचा करार केला. सहा मदतनीस, त्यांतले पाच स्कॉटलंडचे, पोटमाळ्यावर बसून लिहीत. जॉन्सन पुस्तके वाचून त्यांतील वाक्यांवर पेन्सिलीने खुणा करी आणि ते उतरून घेत. एक डोळा जवळजवळ गेलेला आणि दुसरा अधू, असा माणूस हे काम करीत होता हे ध्यानात ठेवावे. तो पुस्तक चेहऱ्याला चिकटवून वाची. रात्री मेणबत्तीशी इतका वाके की टोपाचे केस जळून खालची जाळी दिसे. पुढे थ्रेल नावाच्या श्रीमंत स्नेह्यांकडे तो जेवायला असे तेव्हा नोकर चांगला टोप घेऊन दाराशी उभा राही आणि जळका टोप बदलून घेई. कामाच्या मध्यावर, १७५२ च्या मार्चमध्ये, बायको वारली. पुढल्या वर्षी दुसरा खंड हाती घेताना त्याने देवाजवळ केलेली प्रार्थना लिहून ठेवलेली आहे. १५ एप्रिल १७५५ रोजी दोन जाड खंडांत कोश प्रसिद्ध झाला. त्यात बेचाळीस हजारांहून अधिक शब्द होते. त्यांत गंडमाळेचा शब्दही आहे, आणि त्या काळच्या वैद्यकाप्रमाणे शरीरातील रस बिघडल्याने होणारा रोग असा त्याचा अर्थ दिला आहे. स्वतःविषयी तेथे त्याने काही लिहिलेले नाही. आपल्या मराठीत मोलस्वर्थ साहेबांनी कँडी बंधू व शास्त्री पंडितांच्या साहाय्याने १८३१ साली जो कोश काढला, तो हाताळलेल्यांना अशा कामाचा भार किती असतो याची कल्पना येईल.

१७५९ मध्ये आई वारली, नव्वदीच्या घरात. तो तिला बरीच वर्षे भेटला नव्हता. तिच्या अंत्यविधीचा खर्च व तिचे किरकोळ कर्ज भागविण्यासाठी त्याने आठवडाभर रोज संध्याकाळी बसून रासेलास नावाच्या अबिसीनियाच्या राजपुत्राची कथा लिहिली. लोबोच्या पुस्तकाचे ऋण येथे कामी आले. १७६२ साली राजाने वर्षाला तीनशे पौंडांचे निवृत्तिवेतन दिले आणि उपासमार संपली. पुढे विद्यापीठांनी डॉक्टर ही पदवी दिली. (ती वैद्यकीची नव्हे, हे मुलांना सांगावे लागते.)

हातात पैसा आल्यावर त्याने काय केले? घर माणसांनी भरून टाकले. ॲना विल्यम्स नावाची आंधळी बाई. गरिबांना औषध देत फिरणारा, पदवी नसलेला लेव्हेट. मोडकळीला आलेल्या संसारातल्या आणखी दोघी-तिघी. यांचे आपसात मुळीच पटत नसे, आणि घरधनी कधी कधी घरी जायलाच भीत असे! एकदा रात्री रस्त्यात एक स्त्री अर्धमेली पडलेली दिसली. तिला पाठीवर घेऊन तो घरी आला. ती वाईट मार्गातली व रोगी आहे हे कळले तरी बरी होईपर्यंत तिला ठेवून घेतले आणि मग प्रामाणिक उपजीविकेची सोय लावून दिली. पाठीवर बसून शाळेत गेलेल्या मुलाची आठवण मला येथे होते. रस्त्यावर झोपलेल्या अनाथ पोरांच्या हातात तो पैसे सरकवीत जाई, म्हणजे सकाळी उठल्यावर त्यांना न्याहारी मिळेल.

फ्रान्सिस बार्बर हा जमेकातल्या गुलामगिरीत जन्मलेला काळा मुलगा त्याच्याकडे १७५२ मध्ये नोकर म्हणून आला. जॉन्सनने स्वतःच्या खर्चाने त्याला शाळेत घातले आणि मरताना आपल्या मालमत्तेचा मोठा वाटा त्याला ठेवला. त्या काळच्या लंडनमध्ये याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले, काहींना रागही आला. गुलामगिरीचा त्याला मनापासून तिटकारा होता.

मराठी ख्रिस्ती वाचकांना आणखी एका गोष्टीचे अगत्य वाटेल. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले लोक गेलिक भाषा बोलत. त्या भाषेत पवित्र शास्त्र छापावे की नाही असा वाद निघाला. धर्मप्रसार करणाऱ्या मंडळातल्याच काहींचे म्हणणे पडले की भाषांतर दिले तर ही भाषा मरणार नाही आणि लोक इंग्रजी शिकणार नाहीत. इंग्रजीचा एवढा मोठा कोशकार. त्याने इंग्रजीची बाजू घेतली असती तर नवल नव्हते. पण १७६६ साली त्याने एडिंबरोच्या एका पुस्तकविक्याला पत्र लिहून या अडवणुकीचा कडक निषेध केला. माणसाला देवाचे वचन त्याला कळेल त्या भाषेत मिळू न देणे हा त्याला मोठा अपराध वाटला. पुढल्याच वर्षी गेलिक नवा करार छापून निघाला.

तो संत नव्हता. वादात समोरच्याला टाकून बोले, खाण्यापिण्यात अधाशी होता, सकाळी उशिरापर्यंत झोपे आणि दरवर्षी ईस्टरच्या सुमारास लवकर उठण्याचा निश्चय करून तो मोडी. मरणाची त्याला फार भीती वाटे. जुन्या अपराधांचे काटे मनात राहत. तरुणपणी बाप आजारी असताना त्याने सॅमला युटॉक्सेटरच्या बाजारात पुस्तकांच्या पालावर बसायला सांगितले होते, आणि याने गर्वाने नकार दिला होता. सुमारे पन्नास वर्षांनी, सर्व इंग्लंडात कीर्ती झाल्यावर, तो एकटा त्या बाजारात गेला आणि बापाचे पाल जेथे लागत असे तेथे भर पावसात बोडक्या डोक्याने बराच वेळ उभा राहिला.

नार्व्याच्या मुलीचे औषध चालू असताना दुसऱ्या महिन्यात गाठ उलट मोठी झाली. आईने गोळ्या बंद करायच्या ठरविल्या. डॉक्टरांनी समजावले की गाठीच्या क्षयात असे कधी कधी होते, जंतू मरत असतानाही सूज वाढते, गोळ्या सोडू नयेत. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन, असा साधारण सहा महिन्यांचा क्रम असतो आणि सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. या गोळ्यांमागे मोठा इतिहास आहे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखविला. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेचे मिशन इस्पितळ उघडले तेव्हासुद्धा या जंतूवर औषध नव्हते. डॉक्टरांच्या हाती मुख्यतः सुरी आणि शुश्रूषा एवढेच होते. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले, आयसोनियाझिड १९५२ मध्ये वापरात आले. मद्रासला १९५६ पासून जे प्रयोग झाले त्यांनी सिद्ध केले की क्षयाचा रोगी घरी राहून औषध घेत राहिला तरी इस्पितळातल्याइतकाच बरा होतो. मुलीने सहा महिने पुरे केले. आता तिच्या मानेवर बारीकशी खूण आहे, मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाही. मी अजून मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करतो. आधी विचारतो, तपासले का?

१७८३ च्या जून महिन्यात एका पहाटे डॉ. जॉन्सन जागे झाले तो वाचा गेलेली. अर्धांगाचा झटका होता. बुद्धी शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी मनातल्या मनात लॅटिन पद्यात एक प्रार्थना रचली. रचना चांगली झाली नाही, पण ती चांगली नाही हे आपल्याला कळते, तेव्हा बुद्धी ठीक आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला! वाचा हळूहळू परत आली. पुढल्या वर्षी जलोदर व दमा बळावला. वाचण्याची आशा नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावर त्यांनी औषधे थांबविली, अफूही घेतली नाही. देवापुढे जाताना मन धुंद नसावे अशी त्यांची इच्छा होती. इतकी वर्षे ज्या मरणाला ते भीत आले, त्याच्यासमोर शेवटच्या दिवसांत ते शांत होते. १३ डिसेंबर १७८४ रोजी संध्याकाळी त्यांचा अंत झाला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना पुरले.

ॲन राणीने घातलेले सोन्याचे नाणे त्यांनी जन्मभर जवळ बाळगले होते. त्याने आपण बरे झालो असे त्यांनी कधी म्हटल्याचे आढळत नाही. आईने दोन गिनी परकरात शिवून, गरोदरपणी, एवढ्या लांबचा प्रवास करून ते मिळविले होते. ते आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. फीत ओवण्यासाठी पाडलेले भोक त्यात दिसते. त्याचे चित्र मी मुलांना दाखविले तेव्हा सर्वांनी ते वहीत काढले. मायकेल आणि अजगर कोणालाच नीट जमला नाही. जहाज मात्र नार्व्याच्या मुलीने चांगले काढले. ते पुष्कळसे दिवाडीच्या फेरीबोटीसारखे दिसत होते.